ज्यात निवड नाही, ते आधी

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. माझी स्वतःची पदवी वनस्पतिशास्त्राची. चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी आम्ही शाळेत पडदा लावून सगळ्या गावाला ते दाखवलं. तेव्हापासून पोरांच्या डोक्यात अवकाश शिरलंय ते निघत नाही. मागच्या पालकसभेत बाहेरगावचे एक गृहस्थ आले होते. ‘नासा शैक्षणिक सहल’, माणशी साडेतीन लाख. सोबत ‘स्पेस ऑलिंपियाड’, फी चारशे, प्रमाणपत्र प्रत्येकाला. एक पालक सोसायटीचं कर्ज काढायला निघालेत. दुसरीकडे बाकीचे पालक म्हणतात, ‘बाई, आधी दहावीचं बघा.’ मुख्याध्यापक दुर्बिणीसाठी तीस हजार द्यायला तयार आहेत, पण कोणती घ्यावी ते मला कळत नाही. खऱ्या संधी कोणत्या, आणि मी स्वतः हे कुठे शिकू? आठवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘मृग लागलं म्हणतात तेव्हा रात्री मृग दिसत का नाही?’ मी ‘उद्या सांगते’ म्हणाले. तो उद्या अजून उजाडलेला नाही.

– एक शिक्षिका, ता. जत

उत्तर:

बाई,

आधी त्या गृहस्थांचं बघू, कारण पैसे भरायची शेवटची तारीख जवळ आली असणार. अशा सहलींची ती नेहमीच जवळ आलेली असते.

फ्लोरिडात केनेडी अवकाश केंद्राला लागून जे अभ्यागत संकुल आहे, ते तिकीट काढून बघायचं पर्यटनस्थळ आहे. जगातला कोणीही तिकीट घेतो, आत जातो, रॉकेटं बघतो, टोपी विकत घेतो आणि परत येतो. बघण्यासारखं आहे, यात वाद नाही. ज्याला परवडतं त्याने खुशाल जावं. अलाबामातल्या हंट्सव्हिलचा ‘स्पेस कॅम्प’ १९८२ पासून चालू आहे, तोही फी भरूनच. पण ‘नासाने आमच्या मुलाला निवडलं’ असं जे गावात फ्लेक्सवर लागतं, तसं यात काही घडलेलं नसतं. चारशे रुपयांच्या परीक्षेचीही तीच गोष्ट. भारतातल्या शाळांमधून फी गोळा करून नासा कसलीही परीक्षा घेत नाही. त्या पालकांना कर्ज काढण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारायला सांगा: पावती कोणाच्या नावाने मिळणार, आणि नासाचं पत्र असेल तर ते कुठे आहे?

सरकारी खर्चाने जाणं निराळं. २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेने आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने टप्प्याटप्प्याने परीक्षा घेतली आणि आपल्या शाळांतल्या निवडक मुलांना इस्रो आणि नासा बघायला पाठवलं. पालकांचा त्यात पैसा नव्हता. तुमच्या जिल्ह्यात असं काही होत असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा, नसेल तर मागणी करा. मागायला पैसे पडत नाहीत.

आता मूळ प्रश्न. संधी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निवड, यादी, सत्कार आणि फोटो येतात. मला हे उलटं वाटतं. इस्रोच्या ‘युविका’ या शाळकरी मुलांच्या उन्हाळी शिबिरात अलीकडच्या वर्षांत देशभरातून साधारण साडेतीनशे मुलं घेतली जातात. तुमच्या एका वर्गातच चाळीसेक असतील. एक निवडला गेला तरी उरलेल्यांना तुम्ही काय देणार? म्हणून ज्यात निवड नाही ते आधी करा, वर्षभर करा, सगळ्यांना घेऊन करा. निवडीच्या गोष्टी त्यातूनच पुढे येतात, आणि आल्या नाहीत तरी वर्ष वाया जात नाही.

आणि सुरुवात त्या मुलीच्या प्रश्नापासूनच करा. मी बऱ्याच शिक्षकांची पत्रं वाचते, पण इतका नेमका प्रश्न क्वचित येतो.

वर्गाच्या मधोमध स्टुलावर बल्ब ठेवा, हा सूर्य. चार भिंतींवर चार कागद लावा: मृग, उत्तरा, मूळ आणि भाद्रपदा. वर्गाच्या मध्यभागी उभं राहून घड्याळाच्या उलट दिशेने वळत गेलं तर ज्या क्रमाने भिंती येतात, त्याच क्रमाने हे कागद हवेत. आता त्या मुलीला पृथ्वी करा. तिने बल्बभोवती घड्याळाच्या उलट दिशेनेच फेरी मारायची. बल्बकडे तोंड म्हणजे दिवस, पाठ म्हणजे रात्र. ती मृगाच्या भिंतीजवळ असताना बल्बकडे पाठ करील तेव्हा मृग थेट समोर दिसेल. ही डिसेंबरची मध्यरात्र. मग अर्धी फेरी मारून तिला समोरच्या, मूळच्या भिंतीजवळ आणा. आता बल्बकडे तोंड केलं की बल्बच्या मागे मृगाचा कागद. ‘मृग लागलं’ ते हे. ७ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात जातो, म्हणजे मृग सूर्यासोबत उगवतं, सूर्यासोबत मावळतं आणि दिवसभर उजेडात बुडालेलं असतं. त्या रात्री वर बघायला मिळतात ज्येष्ठा आणि मूळ. पेरणीच्या नक्षत्रांची सगळी मालिका याच फेरीत बसते. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य या क्रमाने सूर्य पुढे सरकतो आणि शेतकरी त्याच्या मागोमाग पाऊस मोजतो. तुमच्या मुलांना ही नावं तोंडपाठ असतील, घरी रोज बोलली जातात. ती आकाशात कुठे आहेत हे मात्र सहसा कोणी दाखवलेलं नसतं.

मग जानेवारीत एका संध्याकाळी आठ-साडेआठला मुलांना मैदानावर बोलवा. मृग पूर्वेकडून बराच वर चढलेला असेल: चार कोपऱ्यांचे चार तारे, मध्ये तीन ताऱ्यांचा बाण, त्या रेषेत खाली गेलं की झगझगीत व्याध, वर गेलं की तांबूस रोहिणी आणि त्याच्याही पलीकडे कृत्तिकांचा पुंजका. दुर्बीण नको, तिकीट नको. जतचा अंधार मुंबई-पुण्याच्या मुलांनी हेवा करावा असा आहे. त्या अंधारालाही उपयोग आहे. ‘ग्लोब अ‍ॅट नाइट’ नावाचा जागतिक उपक्रम आहे. ठरावीक तारखांना, चंद्र नसताना, मृगासारख्या तारकासमूहात आपल्याला किती मंद तारे दिसतात ते दिलेल्या नकाशांशी ताडून बघायचं आणि मोबाइलवरून नोंदवायचं. प्रकाशप्रदूषणाचा जागतिक नकाशा अशा नोंदींवर बनतो. मिरजेत मामाकडे गेलेल्या मुलाने तिथून एक नोंद केली आणि उरलेल्यांनी गावातून केली, तर पुढचा तास तुम्हाला शिकवावाच लागणार नाही, मुलंच भांडतील.

दुसरं काम मार्चचं. यासाठी सरळ पाइप, गवंड्याकडचा ओळंबा, मीटरपट्टी आणि खडू एवढं लागतं. २१ मार्चला जमिनीच्या वर बरोबर एक मीटर राहील असा पाइप उभा करा. ओळंब्याने तो दोन बाजूंनी तपासा, कारण डोळ्यांना सरळ दिसणारा पाइप बहुतेक वेळा सरळ नसतो. सव्वाबारापासून एकपर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करा. सर्वांत आखूड सावली ठीक बाराला पडणार नाही. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेली आहेत आणि जत त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे तुमचा खरा मध्यान्ह त्या दिवशी १२.३६च्या आसपास येतो. मुलांना आधी सांगू नका. बारा वाजून गेले तरी सावली आखूड होतेच आहे म्हटल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

ती सावली साधारण ३०.७ सेंटिमीटर भरेल. कागदावर त्रिकोण काढून कोनमापकाने मोजा किंवा दहावीची मुलं असतील तर टॅन वापरा: कोन १७ अंश, आणि हेच तुमच्या गावाचं अक्षांश. त्याच दिवशी धुळे जिल्ह्यात शिरपूरला कोणी हेच केलं तर सावली ३९ सेंटिमीटरच्या आसपास येईल, कोन २१.३ अंश. शिरपूर आणि जत जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, हा आपला भाग्ययोग. कोनांतला फरक ४.३ अंश. नकाशावर सरळ दक्षिणोत्तर अंतर मोजा, एसटीचं नव्हे: सुमारे ४८० किलोमीटर. ४.३ अंशांना ४८०, तर ३६० अंशांना किती? चाळीस हजारांच्या आसपास उत्तर येतं आणि पृथ्वीचा परीघ तेवढाच आहे. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये सुमारे साडेबावीसशे वर्षांपूर्वी हीच युक्ती वापरली होती.

खरी मजा चुकीत आहे. सावली मोजताना एक सेंटिमीटर इकडेतिकडे झालं, तर कोन अर्ध्या अंशाने बदलतो आणि पृथ्वी पाच हजार किलोमीटरने फुगते किंवा आक्रसते. मुलांना पाच-सहा गटांत मोजायला लावा, सगळी उत्तरं फळ्यावर लिहा आणि ‘बरोबर कोणाचं’ याऐवजी ‘फरक का पडला’ यावर बोला. सावलीचं टोक अंधूक का दिसतं, हा प्रश्न कोणीतरी विचारीलच. सूर्य ठिपका नसून तबकडी आहे, हे तिथे कळतं. हा तास प्रयोगवहीत जसाच्या तसा लिहून ठेवायला सांगा. तारीख, वेळ, कोणी मोजलं, काय चुकलं, सगळं. ही वही पुढे कामाला येणार आहे.

शून्य सावलीचा दिवसही, म्हणजे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो, याच पाइपवर बघता येतो. तुमच्याकडे तो ८ मेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो. मेमध्ये शाळेला सुट्टी, ऑगस्टमध्ये ढग. पण जतचा पाऊस कोकणासारखा थोडाच आहे! तेवढ्यापुरतं दुष्काळी तालुक्याचं भाग्य म्हणा.

तिसरी गोष्ट संगणकखोलीतली. ‘इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन’ हा अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून चालणारा उपक्रम शाळांच्या गटांना हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची ताजी छायाचित्रं पाठवतो. एकाच जागेची, थोड्याथोड्या वेळाने घेतलेली चार छायाचित्रं. ‘अ‍ॅस्ट्रोमेट्रिका’ या सॉफ्टवेअरमध्ये ती एकामागून एक उघडझाप करून बघायची. तारे जागचे हलत नाहीत, एखादा ठिपका सरकतो, तो लघुग्रह. बहुतेक ठिपके आधीच माहीत असलेले निघतात. क्वचित नवा सापडतो. नवा सापडला तरी त्याची पुष्टी होऊन त्याला कायमचा क्रमांक मिळायला काही वर्षं जातात. तेव्हा दुसऱ्या दिवशी पेपरात ‘विद्यार्थ्यांनी लावला लघुग्रहाचा शोध’ छापून आणायची घाई करू नका. मूळ उपक्रम मोफत आहे. मध्ये कोणी नोंदणी फी मागत असेल तर थेट मूळ ठिकाणी अर्ज करा. सूचना इंग्रजीत असतात. इंग्रजीच्या सरांना गटात घ्या, त्यांनाही आवडेल. विंडोजचा एक संगणक आणि बरं इंटरनेट एवढ्यावर भागतं.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक तर फुकटात डोक्यावरून जातं. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’वर आपल्या गावावरून ते कधी दिसेल ते कळतं. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, न लुकलुकणारा प्रखर ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला १८ दिवस तिथेच राहून आले, असं सांगून बघायला लावा. पालकांनाही बोलवा. ‘दहावीचं बघा’ म्हणणाऱ्यांनाही.

आता सहल काढायचीच असेल तर खोडदला काढा. नारायणगावजवळची ही महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा मध्यभागी जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या, एकूण पसारा २५ किलोमीटरचा. तबकडीला पत्रा नाही, बारीक तारांची जाळी आहे. इतक्या लांब रेडिओ तरंगांना जाळीची भोकं जाणवतच नाहीत, त्यामुळे वजन वाचलं, वाऱ्याचा जोर कमी झाला आणि खर्चही. मुलांना हे पुस्तकात वाचून कळत नाही. तबकडीखाली उभं राहून वर बघितलं आणि जाळीतून आकाश दिसलं की लगेच कळतं. मोबाइल बंद का ठेवायला लावतात, हेही तिथेच कळतं: कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेली कुजबुज ऐकायला बसलेल्या माणसाच्या कानाशी कोणी ओरडू नये म्हणून.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे दरवाजे सगळ्यांना खुले असतात आणि शाळा-महाविद्यालयांची विज्ञान प्रदर्शनं भरतात. आधी नोंदणी करून तुमची मुलंही आपला प्रयोग मांडू शकतात. ग्रामीण भागातली मुलं तिथे आपल्या प्रयोगाजवळ उभी राहून हजारो लोकांना तोच तो मुद्दा दिवसभर समजावून सांगतात. वक्तृत्व स्पर्धेत जे येत नाही ते तिथे येतं. इतर दिवशी जायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. जतहून एका दिवसात हे होणार नाही, पुण्यात मुक्काम करा. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. पुण्यात आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली. पत्र पाठवून वेळ घ्या. दुसऱ्या शनिवारी तिथे शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात, जमलं तर तो शनिवार धरा.

निवडीच्या संधींकडे येते. युविका, म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम, २०१९ मध्ये सुरू झाला. त्या-त्या वर्षी १ जानेवारीला नववीत असलेल्या मुलांसाठी तो असतो. जाहिरात साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये इस्रोच्या संकेतस्थळावर येते आणि मेमध्ये दोन आठवडे मुलं इस्रोच्या एखाद्या केंद्रावर राहतात. प्रवास, राहणं, जेवण सगळं इस्रोकडे. निवडीत आठवीच्या गुणांना ५० टक्के भार आहे आणि पंचायत क्षेत्रातल्या शाळेला १५ टक्के. शहरातल्या नामांकित शाळेच्या मुलाला हे पंधरा मिळत नाहीत, तुमच्या मुलांना जन्मजात मिळतात. उरलेला भार ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट-गाइड, एनसीसी अशा गोष्टींत वाटलेला असतो, आणि त्याची प्रमाणपत्रं मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची हवीत. नेमकं इथेच ग्रामीण शाळा मागे पडतात. मूल तालुक्याच्या प्रदर्शनात पहिलं आलेलं असतं, पण कागद कोणाच्या कपाटात गेला ते कोणालाच ठाऊक नसतं. आठवीपासून प्रत्येक मुलाची एक फाइल करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि तुम्हालाच करावं लागणार आहे.

केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेने मुलांच्या नव्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या असतात. निवड झालेल्या मुलाच्या खात्यात प्रतिकृतीसाठी दहा हजार रुपये येतात. शाळांची मोठी चूक म्हणजे शेवटच्या दिवशी इंटरनेटवरून उतरवलेलं ‘पाणी वाचवा यंत्र’ भरून मोकळं होणं. सावलीच्या तासाला मुलांनी पाइप सरळ ठेवायला जी जुगाडं केली असतील, त्यांतली एखादी जास्त खरी असेल.

सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते. ती मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांची संघटना घेते, मराठी माध्यमातूनही देता येते आणि पुढच्या फेऱ्यांत प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असतो, म्हणून मला ती आवडते. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र वेगळं. खगोलशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी भारताचा संघ तिथे तयार होतो. ती वाट अवघड आहे आणि तिच्या पहिल्या पायरीवरची परीक्षा नोव्हेंबरमध्ये होते. २०२५ मध्ये हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच भरलं होतं. अकरावीत गेलेलं एखादं पोर गणितात भिडणारं असेल तरच त्याला तिकडे वळवा. आयुकात उन्हाळ्यात शाळकरी मुलांना शास्त्रज्ञांसोबत आठवडाभर काम करायची संधी असते, पण ती मुख्यतः पुण्याच्या मुलांच्या सोयीची. आणि गट करून काम करायची हौस असेल तर अमेरिकेतल्या ‘नॅशनल स्पेस सोसायटी’ची अवकाशवस्तीचा आराखडा करायची स्पर्धा बारावीपर्यंतच्या जगभरच्या मुलांना खुली आहे, भारतातून दरवर्षी बरीच मुलं भाग घेतात. भाषा इंग्रजी, काम महिनोन्‌महिन्यांचं. दहावीच्या वर्षी नको.

उपग्रह बनवण्याचंही मुलं विचारतील. त्यांना ‘आझादीसॅट’ची हकीकत सांगा. देशातल्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी त्याची छोटी उपकरणं जोडली होती. ७ ऑगस्ट २०२२ ला तो इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात गेला. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने वेगातला बदल मोजणारे त्वरणमापक क्षणभर गोंधळले, रॉकेटच्या संगणकाने ते बिघडल्याचं ठरवलं आणि उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाऐवजी एका बाजूला ७६ किलोमीटरपर्यंत खाली येणाऱ्या कक्षेत सोडले गेले. तिथे हवा आहे. ते टिकले नाहीत. सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ ला, आझादीसॅट-२ वर गेला आणि नीट कक्षेत बसला. पहिल्या वेळी नेमकं काय बिघडलं हे इस्रोने शोधून जाहीर केलं, तो भाग मुलांना जरूर वाचून दाखवा. आपल्याकडे प्रयोग फसला की वहीचं पान फाडतात. आणि जवळचं उदाहरण हवं तर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा एक किलोच्या आसपासचा उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीने सोडला.

दुर्बिणीचे तीस हजार. यंदा दुर्बीण घेऊ नका, बाई. शाळांच्या कपाटांत मी धूळ खात पडलेल्या दुर्बिणी खूप बघितल्या आहेत. एक तर तिचं स्टँड डळमळतं, नाही तर ती लावणारे शिक्षक बदलून गेलेले असतात. त्याऐवजी १० बाय ५०च्या दोन द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या. काही हजारांत येतात. भिंतीवर टेकवून धरल्या की चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकांतले पन्नासेक तारे आणि देवयानीची दीर्घिका दिसते. उरलेल्या पैशांतला काही भाग खोडदच्या बसला आणि काही तुमच्या स्वतःच्या शिक्षणाला ठेवा. मुख्याध्यापकांना हे शेवटचं सांगायला अवघड जाईल, तर माझं नाव सांगा. वर्षभर मुलं मैदानावर टिकली, तर पुढच्या वर्षी सहा इंची आरशाची, साध्या लाकडी बैठकीवरची डॉब्सोनियन घ्या. खोक्यावर ‘५२५ पट मोठं’ छापलेलं असेल ती तर मुळीच नको. आणि दुर्बीण असो की द्विनेत्री, सूर्याकडे रोखायची नाही. दिवसा ती कुलपात आणि किल्ली तुमच्याकडे.

तुम्ही कुठे शिकायचं? वनस्पतिशास्त्राची पदवी आडवी येत नाही, उलट निरीक्षण करून नोंद ठेवायची सवय तुम्हाला आहे. आंतरराष्ट्रीय खगोल संघाचं खगोलशिक्षणाचं भारतातलं केंद्र आयुकात आहे आणि ते शिक्षकांसाठी प्रशिक्षण घेतं. त्यांच्याकडे आपलं नाव नोंदवून ठेवा. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था घरबसल्या करायचे मोफत अभ्यासक्रम चालवते, आणि इस्रोच्या ‘अंतरिक्ष जिज्ञासा’वर आपल्या सवडीने शिकता येतं. मराठीतूनच हवं तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, आणि मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम करतं. माझं ऐकाल तर अभ्यासक्रमाआधी वांगणीची एक रात्र करा. सांगणाऱ्याच्या बोटामागे बोट ठेवून आकाश एकदा पाठ झालं की पुस्तक आपोआप सोपं होतं. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून करायच्या विज्ञान खेळण्यांचे व्हिडिओ आणि मराठी पुस्तकं मोफत आहेत. तुमच्या प्रयोगशाळेत सामान नसेल तर तिथे सामानाची गरजही नाही.

पालकांना मात्र वेगळं उत्तर द्या. नववीच्या विज्ञानात ‘अवकाश निरीक्षण: दुर्बिणी’ हा धडा आहे, त्यात खोडदची दुर्बीण आहे. दहावीच्या पहिल्या भागाची सुरुवातच गुरुत्वाकर्षणाने होते आणि पुढे ‘अंतराळ मोहिमा’ येतो. स्थानक चारशे किलोमीटरवरून दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं, हे डोळ्यांनी बघितलेल्या मुलाला त्याचा वेग काढायचं गणित पाठ करावं लागत नाही. म्हणजे दहावीचंच बघतोय. आणि ‘याने नोकरी लागते का’ असं कोणी विचारलंच, तर सांगा की तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाशशिक्षणाच्या संस्थेत जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून प्रवेश मिळतो, हे सगळे सांगतात. पण इस्रो आयटीआय झालेले फिटर, इलेक्ट्रिशियन आणि डिप्लोमावालेही भरती करते, हे गावात फारसं कोणी सांगत नाही.

शिरपूर भागातल्या एका शाळेतल्या सरांचं पत्र माझ्याकडे आधीपासून आहे, त्यांनाही सावलीसाठी दक्षिणेकडची जोडीदार शाळा हवी आहे. तुम्ही शाळेचा पत्ता आणि संगणकखोलीचा वार कळवा, मी दोघांची गाठ घालून देते. पाइपाची उंची आणि मोजायची पद्धत आधीच फोनवर ठरवून घ्या, कारण त्यांच्याकडे सावली मिनिट-दीड मिनिट उशिरा सर्वांत आखूड होईल आणि मग कोणाचं घड्याळ चुकलं यावरून पहिलं भांडण होईल.